विहिरीतल्या बाळंतिणी

कुणी कोळी म्हणलं की माझं डोकं फिरतं. तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं, आठ पाय दिसले की माणूस कोळीच म्हणणार. म्हणा की. मग वटवाघळाला पाखरू म्हणा, देवमाशाला मासा म्हणा, आणि सगळ्या गल्लीच्या घरात डोकावणाऱ्या आमच्या शेजारणीला समाजसेविका म्हणा. नुसतं दिसण्यावरून ठरवायचं असेल तर मग मी एवढी वर्षं शिकले कशाला?

मी ज्याच्यावर पीएचडी करत होते ते जनावर कोळी नव्हतं. कोळ्याच्या अंगाचे दोन भाग असतात आणि मधे बारीक कंबर. माझ्यावाल्याला कंबरच नाही, सगळं अंग एका तुकड्याचं, मसुराच्या दाण्याएवढं. कोळ्याला बहुतेक करून आठ डोळे, याला दोनच, आणि तेही पाठीवर मधोमध एका उंचवट्यावर, एक डावीकडं बघणारा, एक उजवीकडं. हा जाळं विणत नाही, कारण याच्याकडं सूतच नाही. विषही नाही. कोळी सावजाचं पाणी करून पितो, हा आपल्यासारखा घास मोडून खातो. मेलेला किडा खातो, बुरशी खातो, पडलेलं फळ खातो, मिळेल ते गोड मानून घेतो. पायांची दुसरी जोडी सगळ्यांत लांब, ती चालायला कमी आणि चाचपायला जास्त. लाईट गेल्यावर आपण हात पुढं करून काडेपेटी शोधतो तसं याचं दिवसभर चालू असतं. छेडलं तर अंगातून असा उग्र वास सोडतो की बोटं दोनदा धुवावी लागतात. कोळी, विंचू, गोचीड हे याचे भाऊबंद खरे, पण त्यांची वाटणी होऊन कोट्यवधी वर्षं झाली. आता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तो जोडणाऱ्यांचा मला राग येतो.

गंमत म्हणजे याला मराठीत धड नावच नाही. पाल, घूस, गोगलगाय, गोम, सगळ्यांची बारशी झाली, हा बिचारा आपल्या विहिरींच्या कपारीत पिढ्यान्‌पिढ्या राहतोय आणि कुणी ढुंकून बघितलं नाही. मी आपलं लांबटांग्या म्हणायचे. आई किडा म्हणायची. किडा म्हणजे सहा पायांचा, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. तिचं म्हणणं, दोन पाय जास्त आले म्हणून तो काय किड्यांतून उठला का. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या भांडणात पडायचे नाहीत. ते 'तुझं जनावर' म्हणायचे, जसं एखाद्याच्या म्हशीबद्दल विचारावं तसं. तुझं जनावर बरंय का? भेटलं का आज?

आम्ही मुकुंदवाडीत राहतो, रेल्वे स्टेशनच्या अलीकडं. अण्णांनी चिकलठाण्यात एका कंपनीत जन्मभर लेथ चालवला, आणि रिटायर झाल्यापासून दिवस कसा घालवायचा हा प्रश्न त्यांना पडला होता. पेपर वाचून झाला, कोथिंबीर निवडून झाली, आईला स्वयंपाकातल्या चुका दाखवून झाल्या, की नऊ वाजलेले असायचे. माझ्या पीएचडीनं तो प्रश्न सोडवला. पावसाळा लागला की दर शनिवारी आम्ही दोघं स्कूटरवर निघायचो. जालना रोडची गर्दी, मग छावणी, पडेगाव, मिटमिटा, आणि पुढं दौलताबाद. तिथं किल्ल्याच्या पायथ्याला माझ्या आत्याचं शेत आहे. अंजिराची झाडं, पेरूची झाडं, आणि एक जुनी पायऱ्यांची दगडी विहीर. बोअर घेतल्यापासून त्या विहिरीला कुणी विचारत नव्हतं, त्यामुळं तिथं ओल होती, अंधार होता, शांतता होती. लांबटांग्याला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. आपल्याकडच्या उन्हात उघड्यावर राहिला तर एका दिवसात वाळून कोळ होईल.

अण्णा विहिरीत उतरायचे नाहीत. त्यांचं एकच म्हणणं, पोरगी विहिरीत उतरती, वर कुणीतरी माणूस पायजे. म्हणून ते कठड्यावर बसायचे. फोन बघायचे नाहीत, पेपर आणायचे नाहीत, नुसते बसायचे. आत्या चहा पाठवायची तो प्यायचे. आणि थोड्या थोड्या वेळानं आत तोंड घालून ओरडायचे, "हायेस का गं?" मी खालून "हाय" म्हणायचे. विहिरीत आवाज असा घुमायचा की माझी फिरणारी जनावरं दचकून कपारीत शिरायची, आणि मला परत अर्धा तास बॅटरी विझवून गप बसावं लागायचं. मी अण्णांना किती वेळा सांगितलं, मी काय उडून जाणारे का, सारखं विचारू नका. मग ते विचारायचे नाहीत, खोकायचे. खोकल्याला मी खोकून उत्तर दिलं नाही की पुन्हा "हायेस का गं?" मी वैतागून गेले होते त्या बसण्याला.

तर, निम्म्या पायऱ्या उतरलं की डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. आत्याच्या घरात कुणी बाळंत झालं की ती बाळाला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडते ती इथं. हळदकुंकू वाहते, हिरव्या बांगड्या ठेवते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, आणि मगच पाण्याला हात लावते. घरात बोअर असो नाहीतर नळ असो, हे चुकत नाही. आसरांच्या डोक्यावर, कोनाड्याच्या वरच्या दगडाला, माझे लांबटांगे राहत होते. ओल होती, अंधार होता, वर आत्या दर आठवड्याला ठेवते त्या नैवेद्याची शितं. एवढी बडदास्त कुठल्या प्रयोगशाळेत झाली नसती.

पावसाळ्यात त्यातले काही अंड्यांवर बसलेले असायचे. दगडाला चिकटवलेली खसखशीसारखी पांढरी अंडी, आणि त्यांच्यावर आठ पायांचं कुंपण करून एकजण बसलेलं. पहिल्याच दिवशी आत्या माझ्याबरोबर खाली आली होती. तिनं ते दाखवून बजावलं, की या बसलेल्या हायत ना, या आसरांच्या बाळंतिणी. फिरतंय ते उचल, पण बाळंतिणीला हात लावायचा नाय. मी लगेच मान डोलावली. आता मी एमएस्सी झालेली बाई, मी म्हणायला पाहिजे होतं की आत्या, तपासल्याशिवाय कशावरून बाळंतिणी? पण आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीत बाहेरून आल्या पायानं कुणी शिरत नाही, तिची झोप मोडत नाही, तिच्या बाजेवर बसत नाही. हे माझ्या हाडात मुरलेलं. शिवाय वर लावायला शास्त्राचं कारणही तयार होतं, की अंड्यांवरची मादी उचलणं काही बरोबर नाही. आणि मला मादी हवी होती कुठं? मला नर हवा होता.

नर का हवा, ते सांगते. या प्राण्यांची वर्गवारी पूर्वी पायांच्या टोकांचे सांधे मोजून करायचे. अमक्या पायाला इतके सांधे म्हणजे हे कूळ, एक जास्त म्हणजे ते कूळ. शिस्तीत भाराभर गट पाडून ठेवले. नंतरच्या लोकांनी बघितलं तर एकाच जातीत एकाला सांधा कमी, दुसऱ्याला जास्त, कधी कधी तर एकाच जनावराचा डावा पाय एका कुळातला आणि उजवा दुसऱ्या कुळातला. म्हणून आता भरवसा ठेवतात तो नराच्या खाजगी अवयवावर. कोळ्याच्या नराला तसा अवयव नसतो, याच्या नराला असतो, आणि प्रत्येक जातीत त्याचा घाट वेगळा. तो मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय माझ्या जनावराचं कूळ ठरणार नव्हतं, आणि कूळ ठरल्याशिवाय थिसिसचं पहिलं पान लिहून होणार नव्हतं. माझे गाईड सर मासे शिकलेले. ते हळहळून म्हणायचे, तुझ्या जनावराला खवले असते तर मी काहीतरी मदत केली असती. पण नर आण, हे मात्र ते दर भेटीत न चुकता सांगायचे.

हे सगळं मी एकदा घरी जेवताना सविस्तर सांगितलं. आईनं विचारलं होतं म्हणून सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला, अण्णांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ काढलाच नाही. त्या दिवसापासून ताटावर कॉलेजचं काही बोलायचं नाही असा आमच्या घरात नियम झाला. शेजारणीनं विचारलं की पोरगी कशावर पीएचडी करती, तर आई सांगायची, पर्यावरणावर.

दोन पावसाळे गेले. मी फिरणारे लांबटांगे मोजकेच उचलायचे, आणि प्रत्येक वेळी एक तर मादी निघायची नाहीतर वयात न आलेलं पिल्लू. वरवर बघून कळत नाही, त्यांच्यात मिशा नसतात. तिसरा पावसाळा लागला आणि तेव्हा इकडं मी विहिरीत नर शोधत होते, तिकडं आई जालन्यापासून नगरपर्यंत. तिला आधी सापडला.

मुलगा चांगला होता, हे सांगायला मला आजही जड जातं. चिडायला काही जागाच नव्हती त्याच्यात. पुण्यात नोकरी, बोलणं सरळ, आणि आपल्याला कोळ्यांची भीती वाटते हे त्यानं स्वतःहून कबूल केलं. मी लगेच म्हणलं, पण मी कोळ्यांवर काम करत नाही. आणि मग कंबर, डोळे, सूत, सगळं सांगितलं. पोहे गार झाले. तो ऐकत होता खरा, पण पाय सोफ्यावर घ्यायला बघत होता. निघताना त्याच्या आईनं माझ्या आईला विचारलं, की हे विहिरीत उतरणं वगैरे लग्नानंतर चालू राहणार का. माझ्या आईनं माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकलं. काम पुरं होत आलेलं असलं तर तेवढी पदवी घेऊ द्या, म्हणली, आणि अर्धवट असंल तर आम्हीच सोडायला लावू.

घरी त्यावरून माझं आणि तिचं मोठं वाजलं. ती काही दुष्ट बाई नाही. तिचं म्हणणं, तुझ्या वयाच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली, आणि तू एक किडा घेऊन बसलीस, तोही सापडंना. मी म्हणलं, किडा नाही. ती म्हणली, बघ, यालाच मी म्हणते. शेवटी तिनं तोड काढली. पोळ्यानंतरच्या रविवारी पाहुणे बोलणी पक्की करायला येणार होते. त्याच्या आत नर डबीत घालून तिच्यासमोर ठेवला, तर ती स्वतः पाहुण्यांना सांगणार की थिसिस होईपर्यंत थांबा. नाही ठेवला, तर मी विहिरीचं नाव काढायचं नाही. आणि माझ्या आईचा शब्द म्हणजे शब्द, दोन्ही बाजूंनी.

मला लग्न करायचं नव्हतं असं नाही. हे अर्धवट टाकून करायचं नव्हतं. शाळेपासून मी बेताची. पाठांतरात बेताची, गाण्यात बेताची, रांगोळीत तर विचारूच नका. जन्मात पहिल्यांदा मला अशी एक गोष्ट माहीत झाली होती जी आमच्या गल्लीत, कॉलेजात, अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. ती मसुराएवढी होती, पण माझी होती. आणि ती आता हातची जाणार होती.

पोळा झाला. शनिवारी आम्ही गेलो तेव्हा आत्याच्या गोठ्यात बैलांच्या शिंगांना रंग होता आणि गळ्यात सुकलेल्या माळा. पाहुण्यांसाठी आई घरी डाळ भिजत घालत होती. अण्णा कठड्यावर बसले, मी खाली उतरले, कोनाड्यासमोरच्या पायरीवर मांडी घातली आणि आसरांना हात जोडले. शास्त्र शास्त्राच्या जागी, पण त्या दिवशी मला कुणाचीही मदत चालली असती.

कोनाड्यात त्या दिवशी पाच बाळंतिणी बसल्या होत्या. फिरणारं कुणीच दिसेना. बराच वेळ गेला. मग कपारीतून एक लांबटांगी आली. पोट चांगलं टम्म, चाल सावकाश. ही अंड्यावर आलेली मादी आहे हे मला आता नुसतं बघून कळायचं. ती सरळ एका बाळंतिणीकडं गेली. मला वाटलं, आता भांडण होणार, बाळंतीण तिला हाकलणार. तर बाळंतिणीनं आपले लांब पाय पुढं केले आणि तिला हळूहळू चाचपायला लागली. ती पण उभी राहिली. दोघी समोरासमोर तोंडाला तोंड लावून उभ्या. कोळ्यांत असं समोरासमोर नसतं, कोळ्यांचा सगळा चोरून मामला. हे मात्र जे करतात ते एकमेकांच्या डोळ्यांसमोर करतात, डोळे पाठीवर असले म्हणून काय झालं. आणि तेव्हा बाळंतिणीच्या तोंडाखालून जे बाहेर आलं ते बघायला मी पुढं वाकले.

वरून अण्णा ओरडले, "काय दिसतंय का गं?"

आता बापाला काय सांगणार? "काय नाय अण्णा," मी म्हणलं, "गप बसा जरा."

एवढ्या ओरड्यानंही दोघी हलल्या नाहीत. ते झाल्यावर मादीनं शेजारच्याच रिकाम्या जागेत अंडी घातली, एकेक करून, आणि बाळंतीण तिच्या पाठीवर पाय ठेवून राखण केल्यासारखी उभी. अंडी घालून झाली आणि मादी निघून गेली, मागं वळून न बघता, बाजार करून घरी निघाल्यासारखी. बाळंतीण नवीन अंड्यांवर सरकली, जुन्यांवर चार पाय, नव्यांवर चार पाय, आणि बसून राहिली.

मी कपाळावर हात मारला. बाळंतीण कसली, हाच तो! तीन पावसाळे माझ्या नाकासमोर पाच पाच नर बसून होते, आणि मी त्यांना बाळंतिणी समजून वाट वाकडी करून जात होते. बाप अंडी राखतात अशा जाती लांबच्या देशांत आहेत हे मी कुठंतरी वाचलेलंही होतं. पण दौलताबादच्या विहिरीत, आसरांच्या कोनाड्यात, आपल्यातला एखादा गडी पोरं सांभाळत बसेल हे माझ्या मनात आलंच नाही. आत्याच्या नाही, माझ्या नाही, कुणाच्याच नाही. मी तिथं पायरीवर बसून एकटीच हसत सुटले. वरून लगेच खोकला आला.

ओल्या ब्रशच्या टोकावर मी त्याला अलगद उचललं आणि डबीत सोडलं. त्यानं वास सोडला, मला तो अत्तरासारखा वाटला. पायऱ्या मी धावत चढले. अण्णांच्या पुढ्यात डबी धरली आणि म्हणलं, सापडला, नर सापडला, आईला आताच फोन लावा.

अण्णांनी चष्मा लावला, डबी उजेडाकडं धरून बघितली. एवढासा, म्हणले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, तो मधला भाग गाळून. ज्यांना आपण बाळंतिणी म्हणत होतो ते बाप्ये निघाले, आई अंडी घालून निघून जाती आणि हा बसतो, हे ऐकून अण्णा खूश झाले, आत्याला हे सांगितलंच पायजे म्हणले. मग त्यांनी चौकशी केली, बसल्या बसल्या खातो काय? मी सांगितलं, जवळ आलं तर खातो, नाय तर उपाशी. अंड्यांना बुरशी लागली तर साफ करतो, मुंगी आली की हाकलतो, पण जागा सोडत नाय.

"किती दिवस?"

"पिल्लं निघंपर्यंत."

अण्णा डबीकडं बघत राहिले. आत तो काचेच्या कडेनं गोल गोल फिरत होता, लांब पायांनी चाचपत.

"मग आता तिथं कोण हाय?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडं उत्तरं पुष्कळ होती. मी सांगितलं की शास्त्रात एक नमुना घ्यावाच लागतो, की निसर्गात अशी अंडी हजारांनी जातात, की बाकीचे चारही बसलेलेच आहेत, कुणालाही उचललं तरी तेच होणार. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारलं, तिथं मुंग्या हायत का. मुंग्या होत्या. नैवेद्याच्या भातामुळं कोनाड्यात मुंग्यांची रांग कायमच असायची, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मला रडू फुटलं, तेही रागानं. मी म्हणलं, अण्णा, उद्या पाहुणे येणारेत. ही डबी दाखवली नाही तर माझं सगळं बंद. आई ऐकायची नाही, तुम्हाला माहितीये ती ऐकायची नाही. तीन वर्षं मी काय त्या विहिरीत झक मारली का? अण्णांनी मला पुरतं बोलू दिलं. मग डबी माझ्या हातात दिली.

"तुझ्या आईचं आन पाहुण्यांचं मी बघतो," ते म्हणाले. "तू आधी ह्याला जाग्यावर ठेव."

मी खाली उतरले. अंड्यांच्या कडेला एक मुंगी पोचलीच होती, दुसरी भिंतीवरून येत होती. डबी तिरकी करून मी त्याला वीतभर अंतरावर सोडलं, कारण त्याच्यापेक्षा जवळ नेली तर डबीची कड अंड्यांना लागली असती. तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, हा आता पळून जाणार, माणसाचा हात लागलेला परत कशाला येईल. त्यानं एक लांब पाय उचलला, भिंत चाचपली, दुसरा उचलला. मग सरळ चालत गेला, मुंगीच्या अंगावर गेला, तिला कडेवरून ढकललं, आणि आठ पाय पसरून अंड्यांवर बसला. पुढं पिल्लं निघून गेल्यावर रिकाम्या दगडावरचा एक नर मी नेला आणि त्याचं कूळ ठरलं, पण ते सगळं नंतरचं. त्या घडीला माझ्या हातात रिकामी डबी होती आणि उद्या रविवार होता.

"बसला का?" वरून आवाज आला.

"बसला," मी म्हणलं.

मग वर अण्णा फोनवर बोलायला लागले. अण्णा फोनवर नेहमी असे बोलतात की समोरच्याला फोनशिवायही ऐकू जावं, त्यामुळं मला विहिरीत एकेक शब्द ऐकू येत होता. मला वाटलं आईला लावला असेल. पण नाही, त्यांनी सरळ मुलाच्या वडिलांना लावला होता. राम राम झाला, पाऊसपाणी झालं, बैलपोळा झाला. मग अण्णा म्हणाले की उद्या येऊ नका. नाय नाय, तब्येती ठीक हायत सगळ्यांच्या. पोरीचं काम चालू हाय. मधेच सोडायला मी तिला सांगणार नाय, आन तुम्ही पण सांगू नका. व्हय, तुमचा मुलगा लई चांगला हाय. व्हय, कळतंय मला.

मग पलीकडून काहीतरी विचारलं असणार, कारण अण्णांचं डोकं कठड्यावरून खाली वाकलं.

"किती दिवस लागतील, विचारतेत."

मी कोनाड्याकडं बघितलं आणि जे तोंडात आलं ते म्हणलं. "पिल्लं निघंपर्यंत."

अण्णा सरळ झाले, फोन कानाला लावला आणि लग्नाची तिथी सांगावी इतक्या गंभीरपणे म्हणाले, "पिल्लं निघंपर्यंत."

मी वर आले तेव्हा फोन त्यांच्या मांडीवर होता. पलीकडच्यांनीच ठेवला, अण्णा म्हणाले, काय बोलले नाय पुढं. मी त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले. माझा बाप आईसमोर चहात साखर कमी पडली म्हणायला दहा वेळा विचार करतो, हे मी जन्मल्यापासून बघत आले आहे. त्या माणसानं आत्ताच, तिला न विचारता, तिनं वर्षभर खपून आणलेलं स्थळ घालवलं होतं, आणि घरी ती डाळ भिजत घालून बसली होती. मी त्यांना म्हणलं, अण्णा, लई मोठं काम केलं तुम्ही माझ्यासाठी. ते म्हणाले, त्यात काय.

"तुझी आई बोलंल का गं लई?" त्यांनी विचारलं.

"बोलंल," मी म्हणलं.

"बोलू दे," अण्णा म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.